कोंबडीखालचा समुद्र

पूर्णगड, २२ सप्टेंबर

समरीन पोरीस नानीचा सलाम आणि पोटभर दुआ.

तू माझा फोन घेत नाहीस. आवाजाचे निरोप पाठवले तर तेही ऐकत नाहीस. शेजारच्या गोदाची सून सांगत होती की ऐकलं की खूण निळी होते, आणि माझ्या सगळ्या खुणा करड्याच पडून आहेत. म्हणून आज नीरजाबाईंना पडवीत आणून बसवलंय. अक्षर त्यांचं, बोलणं माझं. लिहून झालं की कागदाचा फोटो काढून त्या तुला पाठवणार. ज्या बाईंनी तुला बाराखडी गिरवायला लावली त्यांचं अक्षर समोर आल्यावर तू ते न वाचता ठेवणार नाहीस, एवढी तुला मी ओळखते.

बाई म्हणाल्या, हफीजानानी, जरा नीटनेटक्या मराठीत लिहू का? मी म्हटलं, नीटनेटकं लिहाल तर पोरीला वाटेल नानी मेली आणि सरकारनं कळवलं. बोलते तसं उतरवा.

इकडे सगळं ठीक. होड्या पाण्यात गेल्या, बांगडा आला, पहिल्या बांगड्याचं तिखलं केलं आणि तुझी आठवण काढत एकटीनं संपवलं. तुझ्या खोलीत नारळ रचून ठेवलेत, रागावू नको. नारळ तुझ्यापेक्षा कमी बोलतात, पण हाक मारली तर रुसून फोन तरी ठेवत नाहीत. तुर्रेवाली कोंबडी खुडूक बसलीय. अंडी काढून घेतली तरी खुराड्यातून उठत नाही. अंग फुगवून, डोळे मिटून अशी बसते की पूर्णगडची पुढची सगळी पिल्लं जणू तिच्याच जिवावर. कशावर बसलीय कोण जाणे. बसू दे बापडीला.

आता तुझ्या रागाचं. त्या दिवशी फोनवर तू विचारलंस, नानी, आपल्या परसात एखादा पांढरा गोळा आलाय का, मोठ्या कलिंगडाएवढा. मी नाही म्हटलं. तू परत विचारलंस. मी म्हटलं, तुझी आई कुवेतला गेली तेव्हा तुला माझ्या ओटीत टाकून गेली, तुला मी वाढवली, आणि आज तू नानीची झडती घेतेस? मग तू गप्पच झालीस. फ्रान्सला गेल्यापासून तू फार गप्प व्हायला शिकलीस. आमच्याकडे राग आला की भांडी आपटतात, म्हणजे शेजारणीला तरी कळतं.

तुझ्या फोनामागोमाग रत्नागिरीहून मृणाली नावाची पोरगी आली, समुद्राचं काम बघणाऱ्या कचेरीतली. हातात फोन, फोनात नकाशा, नकाशात आपली वाडी. मोठ्या अदबीनं आजी, आजी करत होती. मी तिला कोकमाचं सरबत दिलं, खुराड्यासमोर खुर्ची टाकून दिली, म्हणजे माझी पाठ खुराड्याकडे आणि तिचं तोंड माझ्याकडे. तिला म्हटलं, पोरी, समुद्र रोज काहीतरी आणतो आणि रोज काहीतरी नेतो, आम्ही म्हाताऱ्या कुठे बघत बसू. मग ती बाबल्याच्या घराकडे गेली. त्याची एवढीशी होडी, जाळं पागून आणणार आणि खाणार, त्याच्याकडे काय सापडायचं. कोणीतरी तिला त्याचं नाव सांगितलं असेल. गावात तोंडं काय कमी आहेत?

थंडी पडली असेल तिकडे. कानाला बांधत जा. आणि फोन घे.

तुझी नानी, हफीजा


पूर्णगड, ३० सप्टेंबर

समरीनला दुआ.

तुझा निरोप आला. माझ्या फोनवर नाही, बाईंच्या फोनवर. बरोबर आहे, शिकलेल्या माणसांचं एकमेकांत बरं जमतं. बाईंनी तो मला वाचून दाखवला आणि वाचताना दोनदा चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता. माझ्याकडे बघायचं नव्हतं त्यांना.

तू लिहिलंस, “नानीला सांगा, तो ठिपका हलत नाही. आमच्या परसात आहे, विहीर आणि खुराडं यांच्या मध्ये कुठेतरी. तो गोळा म्हणतो की तिथलं पाणी चाळीस अंशांवर तापलंय, दिवसा आणि रात्रीही. इथे सगळे हसतात आणि मला विचारतात की हे गाव तुझ्याच भागातलं ना. ते माझंच घर आहे हे मी कोणाला सांगितलेलं नाही. ऑक्टोबरअखेर सगळ्या देशांपुढे अहवाल जाईल. रत्नागिरीहून त्यात बाबल्याचं नाव आलंय.”

म्हणजे तू फ्रान्सात बसून माझं खुराडं बघतेस. आधी सांगतीस तर साफ तरी केलं असतं.

मग आता लपवून काय. विहिरीजवळ नाही, खुराड्यातच आहे. आणि ते तापलेलं पाणी नाही, ती आपली तुर्रेवाली आहे. गोळा नीट राहीना, लोळत होता, म्हणून मी जुन्या टोपलीत तो उलटा बसवला. त्याच्या बुडाला जी लोखंडी बोंडी आहे, बाई म्हणतात तिनंच तो ताप मोजतो, ती वर आली आणि कोंबडी नेमकी तिच्यावर बसली. तुमच्या त्या साऱ्या देशांना सांग, समुद्राला काही झालेलं नाही. समुद्राला पिल्लं हवी होती, एवढंच.

हसलीस का? नसशील. बाई पण हसल्या नाहीत.

तो मिळाला कसा ते सांगते. नारळी पौर्णिमेनंतरचं उधाण होतं. सकाळी पुळणीवर गेले. तुला माहीत आहे आपल्याकडची रीत, समुद्रानं किनाऱ्याला टाकलेलं जो आधी भरतीच्या रेघेवर ओढेल आणि त्याच्यावर दगड ठेवेल, त्याचं. मग ती फळी असो, डबा असो, की सागाचा ओंडका. दगड दिसला की दुसरा माणूस हात लावत नाही, मग तो कितीही हावरा असो. गेली कित्येक वर्षं हे सगळं गोदाच नेते. तिचे गुडघे चांगले. गेल्या साली तिला निळं पिंप मिळालं, त्यात ती पाणी भरते आणि मी गेले की मुद्दाम त्याच्यावर हात ठेवून बोलते. त्या दिवशी ती आजारी. पुळणीवर मी एकटी, आणि समोर हा गोळा, पांढराशुभ्र, मागे फाटकी कापडी शेपूट. गोळ्यावर दगड टिकेना, म्हणून शेपूट पसरली आणि तिच्यावर ठेवला. मग जाऊन टोपली आणली. एवढा आनंद मला तुझ्या आईच्या लग्नात झाला नव्हता.

त्याच्यावर कागद चिकटवलेला होता, अक्षरं होती. पण तुझ्या नानीला अक्षर येतं का? नाही. मला कोणी शाळेत घातलं नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी लिहून ठेवायचं आणि वर त्यानं ऐकलं नाही म्हणून रुसायचं, हा कुठला न्याय? चूक असेल तर लिहिणाऱ्याची. तो गोळा बोलका केला असता तर मी ऐकलं असतं.

गेल्या ईदला तू सांगत होतीस ना, की तुम्ही सगळे मिळून समुद्र मोजता. या देशाचं माप त्या देशाला, त्याचं ह्याला, पैसा नाही, अडवणूक नाही. मी विचारलं होतं, पाकिस्तानवाल्यांना पण देता? तू म्हणालीस, देतो, आणि त्यांचं घेतो. मला वाटलं पोरगी थट्टा करते. आपल्या भावकीत एका विहिरीचं पाणी वाटताना डोकी फुटली आणि तुम्ही अख्खा समुद्र वाटून घेता. तर एवढ्या मोठ्या कारभारात एक गोळा कमी झाला तर कोणाचं काय बिघडलं?

बाबल्याचं नाव आलं तर येऊ दे. अहवाल फ्रान्सात, बाबल्या पूर्णगडात. तो काय वाचायला जाणार आहे?

बाकी क्षेम. फोन घे.

नानी

(समरीन, ही नीरजाबाई. हे तुझ्या नानींनी सांगितलेलं नाही, माझं मी लिहिते आहे. मृणालीला बाबल्याचं नाव नानींनीच सांगितलं. नंतर कचेरीतली माणसं त्याच्या घरात शिरून बघून गेली. काही मिळालं नाही, पण मच्छीमार सोसायटीनं त्याला तिच्या कामावरून काढलंय आणि पुळणीवर कोणी त्याच्याशी बोलत नाही. तू नाराज आहेस हे त्यांना कळतं. कशामुळे, ते त्या स्वतःला कळू देत नाहीत.)


पूर्णगड, ९ ऑक्टोबर

समरीन,

मागच्या पत्राखाली बाईंनी स्वतःचं काहीतरी लिहिलं. मी बोलायची थांबले तरी पेन चालूच होतं. अक्षर येत नसलं तरी पेन मला दिसतं. चार दिवस त्यांना सरबत विचारलं नाही. मग परवा त्यांच्या घरी जाऊन म्हटलं, बाई, काय लिहिलंत ते वाचून दाखवा. त्यांनी फोनातला फोटो काढला आणि वाचला. या खेपेस चष्मा पुसला नाही.

मग मी त्यांना आपल्या परसात आणलं. कोंबडीला उठवलं, चोचीनं हात फोडला तिनं माझा. गोळा बाहेर काढला. कागदावर काय काय साचलं होतं ते तुला सांगायला नको. बाईंनी ओल्या फडक्यानं पुसला आणि मोठ्यानं वाचला. “हे यंत्र समुद्र मोजतं. ते कोणा एकाचं नाही, सगळ्या देशांचं आहे. वाहत असेल तर वाहू द्या. किनाऱ्याला लागलं तर कळवा.” आणि त्याच्याखाली तुझं नाव. समरीन, मूळ गाव पूर्णगड. बाई म्हणाल्या, हे मराठीतून लिहायचं म्हणून पोरगी तिथे भांडली असेल, एरवी असलं इंग्रजीत असतं.

तुझं नाव कोंबडीखाली ठेवलं होतं मी, आणि वर फोनवर तुला नातं शिकवत होते.

आता हे पुढचं मी बाईंना सांगितलंय की शब्द बदलायचा नाही, मऊ करायचा नाही.

मला वाचता येत नाही हे खरं. पण त्या दिवशी पुळणीवर मला कळलं होतं की ती आपली अक्षरं आहेत. डोक्यावर रेघ असलेली, एस.टी.च्या पाटीवर असतात तशी. डब्यांवर, पिंपांवर असतात ती अक्षरं वेगळी, काट्यांसारखी. ही आपली होती. म्हणजे कोणीतरी आपल्याला काही सांगत होतं. बाईंचं घर वाटेवर आहे. दारात थांबून विचारायचं एवढंच काम होतं. मी वाट बदलली. माडांमागून आले. कारण वाचलं असतं तर ठेवता आला नसता. साऱ्या जन्मात वाचता येत नाही म्हणून मी कितीदा लाजले. बँकेत, दवाखान्यात, तुझ्या शाळेच्या सहीला. आणि ज्या दिवशी ते कामाला आलं त्या दिवशी मी ते पदरात लपवून घरी आणलं. लाज वाटायची तिथे वाटली नाही, ती आता सगळी एकदम आलीय.

मग तुझा फोन आला आणि तू पांढरा गोळा म्हणालीस. तेव्हा तर काही अडाणीपण उरलं नव्हतं. तरी नाही म्हटलं. का, ते मला सांगता येत नाही. एकदा दगड ठेवला की आपलं, तसं एकदा नाही म्हटलं की नाहीच, असं काहीतरी.

आणि मृणाली आली तेव्हा. ती म्हणाली, आजी, नकाशा इथलंच दाखवतोय, तुम्ही कोणाला बघितलं का? कोंबडी नेमकी तेव्हा आतून कुरकुरली. मी म्हटलं, मी कशाला कोणाचं नाव घेऊ, पण बाबल्या पुळणीवरचं सगळं उचलतो. एवढंच. कसम घेतली नाही. मनात म्हटलं, कसम घेतली नाही म्हणजे खोटं नव्हे. तोच का सुचला? कारण तो मुकाट ऐकून घेतो, उलटून बोलत नाही, आणि त्याच्या बाजूनं बोलायला कोणी येत नाही. मला माणूस निवडता येतो बघ.

त्याची आई कुसुम. मी आणि ती एकाच पाटीत मासळी घालून विकायला जायचो, तुझी आई तिच्या कडेवर आणि बाबल्या माझ्या. आता ती अंथरुणाला आहे. तिच्याकडे गेले नाही मी, त्या दिवसापासून. गोदाला सांगते पाय दुखतात.

आणखी एक. परवा वादळाचा निरोप आला, सगळ्यांच्या फोनवर. होड्या पाण्यात होत्या त्या परत फिरल्या. बाबल्याची पण. संध्याकाळी समुद्र असा उठला की रत्नागिरीजवळच्या भाट्यापर्यंत कोणी पुळणीवर उभं राहिलं नाही. सगळी माणसं घरी होती. मी बाईंना विचारलं, आपला गोळा तर इथे कोंबडीखाली, मग कळलं कोणाला? बाईंनी मृणालीला फोन लावला. ती म्हणाली, मस्कतकडच्या पाण्यात तिकडच्या लोकांनी गोळे सोडलेत, एका परक्या जहाजानं पण कळवलं, ते सगळं एकत्र येतं आणि सगळ्यांना मिळतं, त्यावरून कळलं. आपल्या बाजूला मात्र नकाशात भोक होतं. भोक म्हणाली ती. कोणामुळे ते तिला माहीत नव्हतं, म्हणून इतक्या सहज म्हणाली.

तुझे नाना मस्कतला बोटीवर होते, तिकडच्या लोकांचं मीठ आपण खाल्लंय. आता त्यांच्या मापावर आपली माणसं घरी आली. त्यांनी दिलं आणि मी ठेवून घेतलं. मागच्या पत्रात मी विचारलं होतं कोणाचं काय बिघडलं. बाईंना म्हटलं, ते वाक्य खोडून परत पाठवता येईल का? त्या म्हणाल्या, गेलं ते गेलं.

पण खरी मेले ती तुझ्या निरोपातल्या एका ओळीनं. ते माझंच घर आहे हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, पोरगी माझी आहे, सांभाळून घेते. आता झोपताना तेच आठवतं. तुझं काम काय, तर सगळ्यांना खरं माप द्यायचं. एवढ्या देशांची माणसं तुझ्यावर विसंबून. आणि त्यातला एक ठिपका तू दाबून बसलीस, कारण तो नानीचा. खोटं मी बोलले आणि सवय तुला लावली. त्यासाठी तुला शिकवली नव्हती गो मी.

ऑक्टोबर सरायच्या आत मी काय ते करते. आज नाव घालायचं नाही खाली. बाई म्हणतात घाला, मी म्हटलं नको.


पूर्णगड, २६ ऑक्टोबर

समरीन पोरी,

शुक्रवारी नमाजानंतर सोसायटीची बैठक होती, बर्फाच्या गोदामाच्या ओट्यावर. बायका तिथे जात नाहीत. मी गेले. गोळा टोपलीत, टोपली डोक्यावर, जशी मासळी नेतात तशी. मृणालीला बाईंनी बोलावून घेतलं होतं. मला वाटलं होतं आधी दोन विनोद करावेत, माणसं हसली की सांगायला सोपं. तोंड उघडलं आणि विनोद आलाच नाही. मी म्हटलं, हा मी उचलला, मीच लपवला, आणि बाबल्याचं नाव मीच सांगितलं. त्यानं काही केलेलं नाही.

मागे कोणीतरी हसलं, हफीजानानी नेहमीसारखी थट्टा करते असं समजून. मग गोदा, ती पण आली होती मागोमाग, ती म्हणाली, एवढ्यासाठी? माझ्याकडे मागितलं असतंस तर पिंप दिलं असतं. एवढी तिला मी आरपार दिसत होते आणि मला वाटत होतं तिचे फक्त गुडघे चांगले.

बाबल्या कोपऱ्यात जाळं घेऊन बसला होता. मला वाटलं तो नेहमीसारखं म्हणेल, जाऊ दे नानी. तो उठला. जाळं खाली ठेवलं. म्हणाला, “माणसं घरात शिरली तेव्हा माझी आई न्हाणीत होती, नानी. तिला उठता येत नाही. दार उघडं टाकून ती माणसं तिथल्या पिंपामागे बघत होती.”

एवढंच म्हणाला. माफी मागितली तर तो हो म्हणाला असता, त्याला नाही म्हणता येत नाही. म्हणून मागितली नाही. मी म्हटलं, तू सांगशील ते करते.

मृणालीनं तोपर्यंत गोळा उलटसुलट करून बघितला. तो अजून चालू होता. म्हणाली, हा परत सोडता येईल. शेपूट पुरती गेलीय, म्हणून आता प्रवाहापेक्षा वाऱ्यानं जास्त पळेल, पण टाकून द्यायचं कारण नाही. अशा गोळ्याच्या मापापुढे तेवढी खूण करतात आणि वापरतात. पूर्वीची चुकीची मापं? ती पण खोडत नाहीत म्हणाली. खूण करून ठेवतात, कारण खोडलं तर पुढच्याला कळणार नाही की इथे काय बिघडलं होतं आणि कशानं.

सोडायला होडी कोणाची, असा प्रश्न आला. बाबल्याकडे बघितलं सगळ्यांनी. तो म्हणाला, नेतो. पण उचलला तिनं, सोडायला पण तीच येईल.

तर पोरी, तुझी नानी होडीत बसली. समुद्राच्या कडेला जन्म गेला आणि पाण्यात पहिल्यांदा गेले. बाबल्या वल्ह्यावर, मृणाली फोन हातात धरून, आणि मधे मी, गोळा मांडीवर घेऊन. एकदा लाट आडवी आली तेव्हा बाबल्यानं पाय पुढे करून माझी टोपली अडवली. किल्ला मागे एवढासा झाला तेव्हा तो म्हणाला, सोड. मी सोडला. बोंडी खाली, तुझं नाव वर. थोडा वेळ होडीच्या कडेलाच घुटमळला, मला वाटलं परत येतो की काय माझ्यामागे. मग गेला.

परत येताना मी कुसुमकडे उतरले. बाबल्या दारात थांबला, आत आला नाही. कुसुमनं मला ओळखलं, हात धरला, आणि विचारलं, इतके दिवस कुठे होतीस गो? तिला वाटतं माझे पाय दुखत होते. मी तिला खरं सांगितलं. तिनं हात काढून घेतला. मग कुशीवर वळली आणि म्हणाली, पाठ जरा चोळ. तेव्हापासून रोज सकाळी जाते. बोलत नाही ती फार. पाठ चोळून घेते.

मृणालीनं माझं म्हणणं लिहून घेतलं, बाईंनी वाचून दाखवलं, अंगठा मी दिला. ते तुझ्याकडे अहवालात येईल. आता तुझं काम. बाबल्याचं नाव खोडून टाकू नको. त्याच्यापुढे लिही की हे खोटं होतं आणि कोणी सांगितलं होतं. आणि तिथल्या माणसांना सांग की ते घर माझ्या नानीचं. मान खाली घालून सांगावं लागेल, मला ठाऊक आहे. मी पण तशीच सांगून आले. ती लाज माझी आहे. तुझ्याकडे ठेवू नको, माझ्याकडे पाठव.

माझं पहिलं पत्र तुझ्याकडे आहे, कोंबडी कशावर बसलीय कोण जाणे असं त्यात आहे. ते फाडशील तर मी रागवेन. त्याच्यावर लाल पेनानं खूण कर आणि राहू दे.

तुर्रेवाली अजून त्या टोपलीत जाऊन बसते. खाली काही नाही. मी तिच्याखाली खरी अंडी ठेवली, गोदाकडून आणून. बघू.

फोन घे असं या खेपेस म्हणत नाही. तो गोळा आता कुठे गेला असेल, पूर्णगडच्या बाहेर की देवगडकडे, ते तुला दिसत असेल. मला इथून दिसत नाही. कधी वाटलं तर तेवढं सांग.

खाली अंगठा माझा आहे. बाईंना पेन आधी खाली ठेवायला लावलं, मग उठवला.